सातवीचा पट

"आपल्या गावची शाळा, आपल्या लेकरांची शाळा!" बाबा कागदावरून मोठ्यानं वाचत होते आणि माझ्या तोंडात कडुलिंबाचा पाला होता.

तो गिळावा की थुंकावा, मला कळेना. गुढीपाडव्याचा दिवस. चिंचतळात ज्या दारात जाऊ तिथली बाई आधी हातावर कडुलिंब-गूळ ठेवायची. सणाच्या दिवशी नाही कसं म्हणायचं? बाबा मोठे हुशार. बोलण्याच्या नादात पाला मुठीतच धरून ठेवायचे आणि पुढच्या वळणावर कुणाच्या तरी कुंपणात टाकून द्यायचे. मी मात्र प्रत्येक दारात इमानदारीत चावत होते. तोंड कडूजहर झालं होतं.

शिवाय गळ्यात साखरेच्या गाठी. पाडव्याला दारात लेकरू आलं की त्याच्या गळ्यात गाठी घालायच्याच. ऊन मी म्हणत होतं, साखर पाघळून मानेला चिकटत होती आणि माझ्यामागे माश्यांची वरात चालली होती. मी तेव्हा सहावीत होते. सुट्टीच्या दिवशी घरी श्रीखंड खात बसायचं सोडून मी बाबांबरोबर या गावात दारोदार का हिंडत होते, तर बाबांनी सकाळी आईला सांगितलं होतं, "पोरगी बरोबर असली की बायका घरात बोलावतात."

माझे बाबा, त्र्यंबक लाटे, चिंचतळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचे मुख्याध्यापक. आम्ही राहायचो तालुक्याला. बाबा रोज एम-एटीवरून गावात जायचे. दरवर्षी पाडव्याला ते पालकांसाठी एक पत्रक काढायचे. नाव 'चैत्रवार्ता'. वर स्वतःच्या हातानं काढलेली गुढी, खाली शाळेच्या वर्षभराच्या बातम्या. हातपंप दुरुस्त झाला. मुलींचा लंगडीत केंद्रात पहिला नंबर आला. पार बांधला. खिचडीत आता मटकी. उद्यापासून सकाळची शाळा, निकाल एक मेला. झेरॉक्स काढून दारोदार वाटायचे, आणि नुसते वाटायचे नाहीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाईट वाटू नये म्हणून प्रत्येक दारात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायचे. दुपारपर्यंत मला ते सगळं पाठ झालं होतं. हातपंप आला की मीच पुटपुटायची.

त्या वर्षी मात्र पत्रकाच्या खाली एक जाड ओळ होती: 'सातवीचा वर्ग टिकवण्यासाठी आपले मूल गावातच शिकवा.' गोष्ट अशी होती की तालुक्याच्या इंग्लिश स्कूलची पिवळी जीप आता चिंचतळापर्यंत यायला लागली होती. ज्याला त्याला आपलं पोर त्या जीपमध्ये कोंबायची घाई. सातवीत मुलं कमी पडली तर वर्ग बंद होणार होता, एक शिक्षक कमी होणार होता, आणि ज्यांना जीप परवडत नाही त्यांना सातवीसाठी नदीपलीकडच्या गावाला चालत जावं लागणार होतं. मुलगे गेलेही असते. मुली घरी बसल्या असत्या.

त्यांतली एक मुलगी आमच्याबरोबरच चालत होती. गंगोत्री. माझ्याच वयाची, सहावीतली, दोन घट्ट वेण्या, पायात मोठ्या माणसाच्या चपला. पत्रकांचा गठ्ठा तिनं छातीशी धरला होता. मला त्याला हात लावू देत नव्हती.

"घामानं शाई पसरती," ती म्हणाली. "गुरुजींनी माझ्याकडं दिलाय."

तिच्या आबांनी, म्हणजे वडलांनी, बाबांना तोंडावर सांगून टाकलं होतं, "सातवी गावात असली तर शिकंल. नदीपल्याड एकटी पोर धाडायचो न्हाई मी. घरी शेरडं हायेत की राखायला." त्यामुळे गंगोत्री त्या दिवशी पत्रकं वाटत नव्हती, स्वतःची सातवी मागत होती. मला ते दिसत होतं. ज्या घरात मूल असेल तिथं ती आमच्याआधी पळत जाऊन ओरडायची, "काकू, गुरुजी आलेत! भाईर या!"

पार्वताबाई ढग्यांच्या दारात पहिल्यांदा विषय निघाला. म्हातारीनं माझ्या गळ्यात आणखी एक गाठी घातली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

"गुणाची गं बाय माझी. कितवीला हायस?"

"सहावीला."

"कंच्या शाळंत?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात बाबांनी घसा खाकरला आणि वाचायलाच सुरुवात केली. "आपल्या गावची शाळा, आपल्या लेकरांची शाळा!" एरवी ते आधी बसायचे, पाणी प्यायचे, पिकापाण्याचं विचारायचे. इथं बसलेसुद्धा नाहीत. मी उघडलेलं तोंड मिटलं.

कारण मी त्या पिवळ्या जीपवाल्याच शाळेत जात होते ना! पहिलीपासून. पांढरे मोजे, टाय, पट्टा, सगळा थाट. आईचा हट्ट होता, आणि बाबांचा विरोध असा नव्हताच. बाबांच्या ओळखीतल्या बहुतेक मास्तरांची मुलं तिथंच होती. आमच्याकडे ती गोष्ट कुणाला वावगी वाटत नव्हती. मलाही वाटली नव्हती, त्या दारात उभं राहीपर्यंत. तिथं मात्र माझे कान तापले. म्हातारीची गाठी काढून परत द्यावी आणि पळत सुटावं असं वाटलं.

पुढच्या गल्लीत बाबा कुणाशी तरी बोलत थांबले तेव्हा गंगोत्रीनं मला गाठलं.

"तू कंच्या शाळंत जाती?"

मी सांगितलं.

ती चालता चालता थांबली. "जीपवाल्या?"

"हं."

"गुरुजींना म्हाईत हाय?"

"अगं, ते माझे बाबा आहेत!"

"तसं न्हवं..." ती म्हणाली. गठ्ठा या काखेतून त्या काखेत घेतला. मला हसू यायला हवं होतं, पण नाही आलं. तिला खरोखरच वाटलं होतं की मी गुरुजींना फसवून तिकडे जाते. गुरुजींनीच मला तिकडे घातलं असेल हे तिच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. शिरलं तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पुढे चाललेल्या बाबांच्या पाठीकडे पाहिलं.

संध्याकाळी शाळेतल्या लिंबाखाली पालकांची सभा. बाबांनी बांधून घेतलेल्या त्या नव्या पारावर गावातली मोठी माणसं बसली होती, बाया भिंतीच्या कडेनं, पोरं धुळीत. बाबांनी पुन्हा चैत्रवार्ता वाचली. टाळ्या पडल्या. मग बाबा मुद्द्यावर आले. म्हणाले, "मंडळी, सातवीला अजून मुलं कमी पडतायत. उत्तमराव, तुमची दोघं आमच्याकडे राहिली तर जवळपास काम होतं. बघा बुवा."

उत्तमराव पारावरच बसले होते. गावातला वजनदार माणूस, दोन्ही मुलगे सहावीत, जुळे. त्यांनी पत्रक खालीवर करून पाहिलं.

"गुरुजी, कागद झ्याक हाय. तुम्ही शिकवताय झ्याक, त्यात वादच न्हाई. पण एक इचारू का? राग नका मानू."

"विचारा की."

"तुमची लेक कंच्या शाळंत हाय?"

मी बायांच्या बाजूला उभी होते, गळ्यात गाठींचा ढीग. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. कुणी चिडून पाहिलं असतं तर बरं झालं असतं. पार्वताबाई तर हसून पाहत होती.

"म्हंजी मी आपलं सरळ बोलतो," उत्तमराव म्हणाले. "गुरुजींची लेक ज्या शाळंत, त्या शाळंत माझी दोन्ही पोरं. तिकडं तर तिकडं, हिकडं तर हिकडं. तुम्हाला शाळंतलं जास्त कळतं. तुम्ही जे कराल ते मी करतो. सांगा."

बाबा उभे होते. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. पत्रकाची घडी केली आणि ती उलगडली. खरं सांगायला काय हरकत होती? पण ते ती घडीच पुन्हा पुन्हा घालत राहिले, आणि मला त्यांची इतकी लाज वाटायला लागली की मी खाली मातीकडे बघत राहिले.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"ती आपल्या शाळंत येणार हाय. सातवीला."

गंगोत्री उठून उभी राहिली होती. वर्गात उत्तर सांगताना उभं राहतात तशी, हात मागे बांधून.

"कोण म्हणलं?" उत्तमरावांनी विचारलं.

"तीच म्हणली मला. दुपारी, ढग्यांच्या गल्लीत. जूनपास्नं येणार हाय म्हणली."

धडधडीत खोटं! तिची मान ताठ होती, पण पाठीमागं बांधलेल्या हातांची बोटं एकमेकांत पिळवटत होती. ती मला बाजूनं दिसत होती, म्हणून फक्त मला ते दिसलं.

"खरं का गं पोरी?" उत्तमराव माझ्याकडे वळले.

मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते बोलतील. खोटं बोललेलं त्यांना अजिबात खपायचं नाही. घरी मी एकदा दुधाच्या सायीवरून खोटं बोलले तर त्यांनी मला दिवसभर जिन्यात उभं केलं होतं. ते बोलतीलच. आणि बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. अगदी थोडीशी. बाकी कुणाला दिसली नसेल. 'हो म्हण' म्हणून हलवली.

मोठ्या माणसानं लहान मुलाकडे असं काही मागू नये. मला आजही ती मान आठवली की माझी मान खाली जाते.

"हो," मी म्हणाले.

"मग झालं तर!" उत्तमराव मांडीवर थाप मारून उठले. "माझी दोन्ही लिवा गुरुजी." त्यांच्यामागून आणखी एकानं नाव दिलं. बाया हसल्या, कुणीतरी माझी पाठ थोपटली. गंगोत्री माझ्याजवळ आली आणि माझा हात घट्ट धरून कानात म्हणाली, "आता येच बरं का. न्हाईतर मी खोटी पडंन."

परतताना एम-एटीवर मी मागे बसून बाबांचा शर्ट धरला होता. घर येईपर्यंत ते काहीतरी बोलतील, 'चुकलं' म्हणतील, निदान 'शाब्बास पोरी' म्हणतील असं वाटत होतं. ते खड्डे चुकवत राहिले.

घरी आईनं ताटं वाढली. श्रीखंड, पुऱ्या, बटाट्याची भाजी. बाबांनी पहिला घास घेतला आणि ताटाकडे बघतच म्हणाले, "शलाकानं आज सगळ्या गावासमोर सांगून टाकलं. सातवीला आपल्या शाळेत येते म्हणाली."

मी चमकले. माझ्या हातातली पुरी हातातच राहिली.

"ही म्हणाली?" आईनं वाढणं थांबवलं. "हिला कोणी विचारलं होतं?"

"लोकांनी विचारलं."

"आणि तुम्ही काय करत होतात? तुमच्या तोंडात काय गुळणी होती?"

"अगं, सगळ्यांसमोर ती म्हणाली, आता मी काय करणार?"

'बाबा, तुम्हीच मान हलवलीत ना!' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांचा चेहरा बघून मी गप्प बसले. इतका मोठा माणूस, साऱ्या गावाचा गुरुजी, आणि आईच्या रागापासून वाचायला माझ्यामागे लपत होता. मी श्रीखंड खाल्लं. काही गोड लागलं नाही, सकाळचा कडुलिंबच अजून तोंडात होता.

जेवणं झाल्यावर आई-बाबा स्वयंपाकघराचं दार लोटून बराच वेळ बोलत बसले. आधी आईचा आवाज चढला, मग दोघांचाही उतरला. आई बाहेर आली तेव्हा मला वाटलं होतं आता आकाशपाताळ एक करणार. पण ती शांतपणे म्हणाली, "जा बाई. राख बापाची लाज." इतक्या सहज ती कशी तयार झाली, मला तेव्हा समजलं नाही. मी खुशाल तिच्या गळ्यात पडले.

जूनमध्ये मी चिंचतळच्या शाळेत गेले.

पहिल्या दिवशी उत्तमराव मुद्दाम शाळेत आले, मला पट्टीवर बसलेलं पाहिलं आणि समाधानानं मिशीवरून हात फिरवून गेले. गंगोत्रीनं माझ्यासाठी स्वतःशेजारची जागा आधीच झाडून ठेवली होती. मी पहिला आठवडाभर रडकुंडीला आले होते, जमिनीवर बसून पाय आखडायचे, पोरं माझ्या बोलण्याला हसायची. पण मग मला ते आवडायलाच लागलं. गंगोत्रीला गणित असं यायचं की बाबा फळ्यावर उदाहरण लिहीत असतानाच तिचं उत्तर तयार. मी तिला इंग्रजीचे धडे वाचून दाखवायचे. मधल्या सुट्टीत ती मला लंगडी शिकवायची आणि मी पडले की पोट धरून हसायची. "शहरातली म्हैस," म्हणायची. मला कुणी कधी इतक्या मायेनं म्हैस म्हटलेलं नाही.

आम्ही बेत केले होते. दिवाळीनंतर शाळेचं स्नेहसंमेलन, त्यात दोघींनी मिळून नाटुकलं करायचं. तिनं राजा व्हायचं आणि मी प्रधान, कारण राजाला जास्त वाक्यं असतात आणि पाठांतर तिचं चांगलं.

सप्टेंबर संपता संपता तपासणीसाठी साहेब आले. सरकारी शाळांचा पट त्या सुमाराला मोजतात आणि त्यावर पुढच्या वर्षीचे शिक्षक ठरतात. साहेबांनी एकेकाचं नाव घेतलं, आम्ही एकेक उभे राहून हजर म्हणालो. "लाटे शलाका त्र्यंबक." "हजर!" मी जरा जास्तच मोठ्यानं ओरडले, सगळे हसले. साहेबही हसले, बाबांना म्हणाले, "स्वतःची मुलगी! वा, लाटे गुरुजी." सातवी टिकली. गंगोत्रीनं बाकीच्या पोरींना गोळा करून मागच्या व्हरांड्यात फुगडी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून आले तर पलंगावर माझा जुना गणवेश इस्त्री करून ठेवलेला. पांढरा शर्ट, टाय, पट्टा. पांढरे मोजे नवे होते.

"हे काय?" मी विचारलं.

"जीप यायची वेळ झाली, आवर," आई म्हणाली. "तिथलं तुझं नाव कुठं काढलं होतं मी? कावीळ झाली म्हणून सांगितलंय. मग उलटली म्हणून सांगितलं. आता कुणी विचारलं तर बरी झाले म्हणायचं."

"पण माझी शाळा..."

"मोजणी झाली ना? एवढंच ठरलं होतं आमचं. पाडव्यालाच ठरलं होतं."

मी बाबांकडे धावले. ते व्हरांड्यात बसून बुटाची नाडी बांधत होते. मी विचारलं, गंगोत्रीला काय सांगायचं? मग उत्तमरावांना? ते म्हणाले, "ते मी बघतो. तू अभ्यासाचं बघ. पुढं तुझंच नुकसान होईल." आणि नाडीची गाठ सोडून पुन्हा बांधली. मी रडले, पाय आपटले, पण जीप आली तेव्हा जाऊन बसले. अकरा-बारा वर्षांचं पोर दुसरं काय करणार, असं मी पुष्कळ वेळा स्वतःला सांगितलंय. त्यानं फारसं भागत नाही.

बाबा निवृत्त झाले तेव्हा तालुक्याच्या सभागृहात निरोप समारंभ झाला. एका अधिकाऱ्यानं भाषणात हाच प्रसंग सांगितला. म्हणाले, "ज्या काळात मास्तरांची मुलं कॉन्व्हेंटात जात होती, त्या काळात या माणसानं स्वतःची लेक खेड्यातल्या शाळेत घातली!" कडकडून टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत होते. शेजारच्या बाईनं कौतुकानं माझा हात दाबला आणि मला तो कुठं ठेवावा ते कळेना. बाबा हात जोडून बसले होते, मान खाली घालून. लोकांना तो विनय वाटला. मला मात्र माझ्या सातवीच्या वर्षीचा ऑक्टोबर दिसत होता.

शनिवार होता, तालुक्याच्या बाजाराचा दिवस. माझी सकाळची शाळा सुटून मी नुकतीच घरी आले होते, बूटसुद्धा काढले नव्हते. दार वाजलं. मी उघडलं तर समोर गंगोत्री.

धावत जिना चढून आल्यामुळे ती धापा टाकत होती. एका हातात फडक्यात बांधलेले पेरू, दुसऱ्या हाताच्या मुठीत कागदाची पुडी. खाली रस्त्यावर तिचे आबा बाजाराची पिशवी घेऊन उभे होते.

"गुरुजी म्हणले तुला टायफॉइड झालाय," ती एका दमात म्हणाली. "अख्खा वर्ग काळजीत हाय. म्हसोबाचा अंगारा आणलाय मी, आबाला म्हणलं आधी तिच्याकडं जायचं, मग बाजार..."

आणि ती थांबली. तिची नजर माझ्या टायवर गेली. मग पट्ट्यावर, मोज्यांवर, बुटांवर. तिथून सावकाश वर माझ्या तोंडावर आली.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक नुसतं बोलतात. मला तेव्हा खरंच तसं वाटलं.

"कोण आहे गं?" म्हणत बाबा आतून आले. हातात वर्तमानपत्र. दारात गंगोत्रीला पाहून ते जागच्या जागी थांबले. "अगं... गंगोत्री. तू कशी काय?"

ती पुढे झाली, पुडी उघडली आणि चिमूटभर अंगारा माझ्या कपाळाला लावला. तिचं बोट तिथं क्षणभर टेकलेलं राहिलं. कपाळ गार होतं, ते तिला कळलंच असणार. पेरूचं फडकं तिनं उंबऱ्याच्या आत ठेवलं. मग बाबांकडे वळली. हात मागे बांधले.

"गुरुजी," तिनं विचारलं, "मग वर्गात काय सांगू?"

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. सोमवारी पोरं विचारणार, उत्तमरावांची जुळी विचारणार, आणि गुरुजी सांगतील तेच ती सांगणार होती.

आता तरी, मी मनात म्हटलं. बाबा, आता तरी.

बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "सांग..." ते म्हणाले. घसा खाकरला. "सांग, अजून ताप आहे म्हणावं. दिवाळीनंतर बघू."

"व्हय गुरुजी."

बाबांची शाळेत एक शिस्त होती. मुलाजवळ निरोप दिला की त्यानं तो एकदा तिथंच म्हणून दाखवायचा, म्हणजे चुकत नाही. गंगोत्री ती शिस्त कधी विसरायची नाही. ती सरळ उभी राहिली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "शलाकाला अजून ताप हाय. दिवाळीनंतर बघू."

"शाब्बास," बाबा म्हणाले.

सवयीनं निघून गेलं त्यांच्या तोंडून. निघून गेल्यावर त्यांना ते ऐकू आलं, आणि त्यांनी भिंतीला हात टेकला.

गंगोत्री वळली आणि जिना उतरून गेली. आम्ही दोघं दारात उभे होतो. खालून तिच्या आबांचा आवाज आला, "काय गं, कशी हाय पोर?"

"लई ताप हाय, आबा," ती म्हणाली. "अंगाला हात लाववंना. चला."